परत येणाऱ्याला गावाचं देणं

घरात एखादी भयंकर गोष्ट घडून गेलेली असते. खून, आत्महत्या, आग, बुडून झालेला मृत्यू, एका रात्रीत नाहीसं झालेलं माणूस. घरातलं जे कोणी उरतं ते गाव सोडतं आणि वीस-पंचवीस वर्षांनी त्यातलं एखादं परत येतं. कधी जागेच्या कागदांसाठी, कधी कुणा म्हाताऱ्या नातेवाइकाला भेटायला, तर कधी का आलो हे स्वतःलाच धड सांगता येत नसताना. अशा माणसाला सल्ल्यांची टंचाई कधीच नसते. जुन्या पिढीचा सल्ला ठरलेला: झालं गेलं गंगेला मिळालं, आता कशाला खपली काढतोस? नव्या पिढीचा बरोबर उलटा: सामोरा जा, बोल, मोकळा हो, नाहीतर आयुष्यभर अडकून पडशील. हे दोन्ही सल्ले देणारे एकमेकांना वेड्यात काढतात. मला मात्र ते सख्खे भाऊ वाटतात. जे काही करायचं ते परत येणाऱ्यानंच करायचं, याबद्दल दोघांचं एकमत आहे. विसरायचं त्यानं, सामोरं जायचंही त्यानंच. बाकीच्यांनी कट्ट्यावर बसून त्याला किती जमलं ते पाहायचं.

हा प्रश्न गावाला विचारायला हवा, असं माझं म्हणणं आहे. गाव म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हे. शेजारी, नातेवाईक, शाळेतले मास्तर, पोलीस ठाण्यातलं जुनं दप्तर, मृत्यूची नोंद ठेवणारं कार्यालय, तेव्हा पहिल्या पानावर बातमी छापणारं वर्तमानपत्र, हे सगळं मिळून गाव. मोठं शहर असलं तरी अशा माणसापुरतं ते गावच असतं. हे गाव बहुतेक वेळा नेमकं उफराटं वागतं. जे त्या माणसाला सांगायला हवं ते दडवतं आणि जे पोटात ठेवायला हवं ते चघळतं.

म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. माणूस परत येतो. रस्त्यात कुणीतरी ओळखतं, आवाज आपोआप खाली येतो, ‘तू त्या घरातला ना रे?’ मग ‘किती लहान होतास तेव्हा’, आणि मग न विचारता हकीगत सुरू. दार आतून बंद होतं असं एक जण सांगतो, बाहेरून कडी होती असं दुसरा. सगळ्यांच्या आधी आपणच धावत गेलो असं सांगणारे निदान चार-पाच भेटतात. सगळे खरं बोलत असते तर दारात गर्दी मावली नसती. हे सगळं ऐकून घेऊन तो माणूस अगदी साधं काहीतरी विचारतो. त्या दिवशी सकाळी आई कशी होती? कुणाशी बोलली होती का? डॉक्टरांना कुणी बोलावलं, किती वेळानं आले? आणि इतका वेळ भरभरून बोलणारा माणूस एकदम शहाणा होतो. ‘जाऊ दे ना आता, कशाला त्रास करून घेतोस.’

काळजीपोटी दिलेल्या या उत्तराइतकं संतापजनक दुसरं काही मला माहीत नाही. अफवा ऐकवताना त्याला त्रास होईल याची चिंता नव्हती. ती झाली ते त्यानं वस्तुस्थिती विचारल्यावर.

अशा प्रसंगात घराची, म्हणजे वास्तूची, सोय माणसापेक्षा चांगली लागलेली असते, हेही गमतीचंच. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यानुसार घरात कुणाचा मृत्यू होऊन तीन वर्षं उलटली असतील, तर विकणाऱ्यानं ते आपणहून सांगायची गरज नाही. गिऱ्हाइकानं थेट विचारलं तर खोटं मात्र बोलता येत नाही. जपानमध्ये अशी घरं हा बाजारातला वेगळा प्रकारच आहे. भाडं उतरतं, लोक टाळतात. तिथल्या भूमी मंत्रालयानं २०२१ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. नैसर्गिक मृत्यू झाला असेल तर सांगायची गरज नाही, आणि आत्महत्या किंवा खून झाला असेल तर भाड्याच्या घराबाबत साधारण तीन वर्षांपर्यंत सांगावं, असं त्यात आहे. इथंही कुणी विचारलंच तर लपवायचं नाही. म्हणजे विटामातीच्या वास्तूला तीन वर्षांत पूर्वेतिहासातून सुटका मिळू शकते. त्याच वास्तूत तेव्हा सात वर्षांची असलेली मुलगी चाळिशीत परत आली तरी ‘त्या घरातलीच’ असते. आणखी एक फरक आहे. घराबद्दलचा नियम सांगतो की आपणहून वाच्यता करू नका, पण विचारलं तर खरं सांगा. परत येणाऱ्या माणसाबाबत एवढा एक नियम गावानं पाळला तरी माझी निम्मी तक्रार संपेल.

छापील बातमीचं तर विचारूच नका. पूर्वी ती रद्दीत जायची. आता नाव टाकलं की पहिली तीच येते, फोटोसकट. युरोपीय महासंघाच्या न्यायालयानं १३ मे २०१४ रोजी गुगलविरुद्ध दिलेला निकाल अशाच जुन्या कात्रणावरून होता. एका स्पॅनिश माणसाच्या मालमत्तेच्या लिलावाची १९९८ सालची वर्तमानपत्रातली नोटीस त्याच्या नावावर शोधलं की वर येत राहायची. देणं फिटलं, विषय मिटला, नोटीस मिटेना. न्यायालयानं मूळ पान काढायला लावलं नाही. नावानं शोधल्यावर ते समोर येऊ नये, एवढी मागणी शोधयंत्राकडे करता येईल असं म्हटलं. मला हा तोडगा पटतो. दप्तरात कागद राहावा, पण प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडावर तो फेकला जाऊ नये. आत्महत्येच्या बातम्या कशा द्याव्यात याच्या सूचना जागतिक आरोग्य संघटना २००० सालापासून देत आली आहे: पद्धतीचं वर्णन नको, जागेचा गाजावाजा नको, मागे राहिलेल्यांच्या दुःखाचं भान ठेवा. त्या वाचल्या की वाटतं, या वार्ताहरांइतक्याच शेजाऱ्यांनाही वाटायला हव्या होत्या.

आता ‘बोल, म्हणजे मोकळा होशील’ या नव्या शहाणपणाकडे येतो. यामागे विज्ञान आहे अशी समजूत आहे. प्रत्यक्षात आघातानंतर माणसाला लगेच बसवून एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याची पद्धत एके काळी आपत्तीनंतर सर्रास वापरली जायची. तिच्यावरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा तिचा उपयोग दिसला नाही, काहींना उलट अपायच झाल्याचं दिसलं. आता प्रशिक्षित माणसांना शिकवतात ते असं: जवळ रहा, गरजा विचारा, बोलला तर ऐका, बोलायला भाग पाडू नका. नकार, राग, घासाघीस, खचणं, स्वीकार या शोकाच्या पाच पायऱ्यांचंही तसंच. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी चढायचा जिना म्हणून त्या नंतर वापरल्या गेल्या, आणि मग ‘तू अजून रागाच्याच पायरीवर आहेस’ असं कुणीही कुणालाही सुनावू लागलं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली मांडलेली कल्पना मला जास्त माणसाळलेली वाटते. शोकातला माणूस येरझारा घालतो. काही वेळ गेलेल्या माणसाजवळ, काही वेळ रोजच्या कामात. या येरझारा म्हणजेच बरं होणं. तसं असेल तर वीस वर्षांनी परत येणं हीही अशीच एक फेरी असू शकते. ती पूर्ण करून माणूस पुन्हा आपल्या कामाला लागेल, किंवा अर्ध्यातून वळेल. त्याचा निकाल बाकीच्यांनी लावायची गरज नाही.

गावाच्या गप्प बसण्यातही फरक करायला हवा. वेल्समधलं ॲबरफॅन हे खाणकामगारांचं गाव. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी सव्वानवाच्या सुमारास गावावरच्या डोंगरउतारावर रचलेला कोळसाखाणीच्या टाकाऊ मालाचा ढिगारा सुटला आणि खालच्या शाळेवर आला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. ढिगारा झऱ्यावर रचलेला होता, धोक्याच्या तक्रारी आधीच झाल्या होत्या. जी मुलं वाचली त्यांच्यातल्या काहींनी मोठेपणी सांगितलं आहे की कितीतरी दिवस ती बाहेर खेळायला गेली नाहीत. ज्यांची मुलं गेली त्यांना खेळणारी मुलं बघवत नव्हती म्हणून. या गप्प रस्त्यांबद्दल मी कुणालाही दोष देणार नाही. आई-बापांना नाही, मुलांना तर नाहीच. दुसऱ्याला आपल्या नुसत्या दिसण्याचा त्रास होईल हे नऊ-दहा वर्षांच्या पोराला कळतं, आणि ते पोर आपलं खेळणं गिळून टाकतं. हे मौन दुसऱ्यासाठी स्वतःच्या पदरचं काहीतरी देतं.

‘जाऊ दे ना आता’ हे मौन तसलं नसतं. त्यात सांगणाऱ्याचीच सोय असते. बऱ्याचदा त्याला माहीत असतं की आपण तेव्हा ओरडणं ऐकलं होतं आणि दार वाजवलं नव्हतं. किंवा पंचनाम्यावर न वाचता सही केली होती. किंवा काहीच नसतं, फक्त अवघड बोलायचा कंटाळा असतो.

त्याच ॲबरफॅनमध्ये मृत्यूचौकशी सुरू असताना एका मुलाचं नाव वाचून मृत्यूचं कारण सांगितलं गेलं: गुदमरणं आणि अनेक जखमा. त्या मुलाचा बाप उठून म्हणाला, नाही साहेब, राष्ट्रीय कोळसा मंडळानं जिवंत गाडलं, असं नोंदवा. वैद्यकीय कारण चूक नव्हतंच. पण कागदावर काय राहणार आहे, आणि पुढे कुणी तो कागद उघडला तर त्याला काय कळणार आहे, हे त्या बापाला तिथल्या सगळ्या अधिकाऱ्यांपेक्षा जास्त कळत होतं. पुढच्या वर्षी चौकशी न्यायाधिकरणानं दोष कोळसा मंडळाचाच असल्याचं स्पष्ट सांगितलं. खटला मात्र कुणावरही झाला नाही. उरलेले ढिगारे हलवायला लोकांनी दुःखितांसाठी पाठवलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले गेले, ते परत मिळाले १९९७ साली, आणि तेही व्याजाशिवाय. निधीतून पालकांना पैसे देण्याआधी ते आपल्या मुलाच्या खरोखर जवळचे होते का हे तपासावं, अशी सूचनाही धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या आयोगाकडून आली होती. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

या बापाच्या मागणीमुळे मला ठामपणे म्हणावंसं वाटतं की परत येणाऱ्याला सांत्वनाआधी माहिती द्या. विशेषतः जो तेव्हा लहान होता त्याला. घरात आक्रीत घडतं तेव्हा मुलांना काय सांगितलं जातं? बाबा कामाला बाहेरगावी गेलेत. आई आजारी होती. ताई देवाघरी गेली. त्या आठवड्यापुरतं हे समजण्यासारखं आहे. पण तो आठवडा संपतच नाही. मूल पंधराचं होतं, पंचविसाचं होतं, आणि घरातलं एक एक मोठं माणूस आपापली हकीगत घेऊन जग सोडून जातं. मग ते मूल आपल्याच आयुष्यातली मुख्य घटना इतरांच्या नजरांवरून जुळवत बसतं. आणि अशा जुळवाजुळवीत मुलं हमखास एका निष्कर्षाला येतात: माझ्यामुळेच झालं असणार. मी त्या दिवशी हट्ट केला होता. मी हाक ऐकली नव्हती. वीस वर्षं उराशी बाळगलेला हा समज एका जुन्या कागदावरच्या वेळेच्या नोंदीनं कोसळू शकतो, कारण ती घटना त्याच्या हट्टाच्या चार तास आधीच घडलेली असते.

कागद हातात आल्यानं काय घडतं याचं मोठं उदाहरण हिल्सबरोचं. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधल्या शेफील्डच्या त्या फुटबॉल मैदानावर चेंगराचेंगरी झाली. तिच्यात गेलेल्यांची संख्या आज ९७ मोजली जाते. प्रेक्षक दारू पिऊन धिंगाणा घालत होते म्हणून हे घडलं, असा बभ्रा पोलिसांनी आणि काही वर्तमानपत्रांनी केला. गेलेले प्रेक्षक लिव्हरपूल संघाचे पाठीराखे होते; त्यांच्या घरांनी दुःखाबरोबर हा कलंकही वागवला. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये स्वतंत्र समितीनं साडेचार लाख पानांचं दप्तर खुलं केलं. पोलिसांच्या १६४ जबान्यांमध्ये मोठे फेरफार केलेले निघाले. त्यातल्या ११६ मधून पोलीस दलाला अडचणीची ठरणारी वाक्यं काढली किंवा बदलली होती. २०१६ च्या नव्या मृत्यूचौकशीत ज्युरीनं हे मृत्यू बेकायदा मनुष्यवधाचे ठरवले आणि प्रेक्षकांवरचा दोष पुसला. त्या समितीनं एक गोष्ट फार नेटकी केली होती. अहवाल संसदेत आणि पत्रकारांसमोर जाण्याआधी तो कुटुंबांना दाखवला. पहिलं वाचन घरच्यांचं. हे तत्त्व ९७ मृत्यूंना लागू होतं तर एका मृत्यूलाही व्हायला हरकत नसावी. एकट्या घराच्या मागे ना मोर्चा असतो ना फुटबॉल क्लब, म्हणून त्याला तर ते जास्तच हवं.

दडवण्याची दुसरी तऱ्हा आयर्लंडमधल्या टूअम गावात दिसते. तिथं लग्नाविना आई झालेल्या मुलींसाठी चालवलेलं, कॅथलिक नन्सच्या ताब्यातलं एक वसतिगृह १९२५ ते १९६१ होतं. कॅथरीन कॉरलेस या त्याच गावच्या बाई. त्यांनी नंतर मुलाखतींतून एक आठवण सांगितली आहे. लहानपणी त्यांनी गंमत म्हणून गोळीचा रिकामा कागद गोळी असल्यासारखा गुंडाळून वसतिगृहातल्या एका मुलीला दिला होता. मोठेपणी त्यांनी स्थानिक इतिहास लिहायला घेतला आणि तिथं मेलेल्या मुलांची नावं नोंदणी कार्यालयाकडे मागितली. एकेक दाखला पदरचे पैसे भरून मिळवला. ७९६ झाले. मृत्यूची नोंद होती, पण पुरल्याची नोंद जवळपास कुणाचीच नव्हती. गावातल्या जुन्या माणसांना वसतिगृहाच्या मागची जागा ठाऊक होती. काही जण तिथं गवत कापून जागा नीटही ठेवत होते. पण भावंडं शोधत परदेशातून कुणी आलं की कार्यालयं त्याला या दारातून त्या दारात पाठवत. उत्खनन सुरू व्हायला २०२५ साल उजाडलं. गवत कापणाऱ्यांना मी वाईट म्हणत नाही. जमेल तेवढं केलं त्यांनी. परंतु गावाला ठाऊक असणं आणि त्या भावंडाला ठाऊक असणं यांच्यात साठ वर्षांचं अंतर पडावं, आणि ते एका बाईनं दाखले गोळा करून भरून काढावं, ही संस्था म्हणवणाऱ्या प्रत्येकाची नामुष्की आहे.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. ‘पहिलं वाचन घरच्यांचं’ म्हणता, पण घरच दडवत असेल तर? बाईला मारलं घरच्यांनी, पाय घसरून पडली असं सांगितलं घरच्यांनी, आणि वीस वर्षांनी तिची मुलगी विचारत आली की घरचेच म्हणतात, आमच्या घरातली गोष्ट आहे. बरोबर आहे. म्हणूनच मी घराला एक व्यक्ती मानत नाही. कर्त्या माणसाला सगळ्यांच्या वतीनं गप्प बसण्याचा अधिकार कुणी दिला? माहिती मागायचा हक्क घरातल्या प्रत्येकाचा वेगळा आहे. तो वापरायला भावाची, काकाची, सावत्र आईची परवानगी लागता कामा नये. मौनाचा हक्क मात्र फक्त स्वतःपुरता. बहिणीला बोलायचं असेल आणि भावाला नसेल, तर तिनं आपलं सांगावं, त्याच्या वतीनं सांगू नये. प्रत्यक्षात दोघांच्या आठवणी एकाच खोलीतल्या असतात, तेव्हा सीमा आखणं कठीण होतं आणि भांडणं होतात. होऊ देत. ती त्यांची भांडणं आहेत, तिथं पंच म्हणून गावानं बसू नये.

अशा घटनेत शेजाऱ्याची जबाबदारी मात्र वाढते. ‘नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला पडा’ म्हणून ज्यानं तेव्हा खिडकी लावून घेतली, त्याच्याकडे त्या मुलीला लागणारी माहिती असते. ती त्यानं द्यावी. फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं करून द्यावी. ‘मी आवाज ऐकला, रात्री साधारण अकराला’ हे सांगण्यासारखं आहे. ‘लोक म्हणतात तिचंच काहीतरी होतं’ हे घशाखालीच राहू द्यावं.

ज्याच्या हातून घडलं त्याच्या घरच्यांचंही बोलायला हवं. खुन्याची आई, खुन्याची पोरं. तीही कधीतरी परत येतात, आणि त्यांना तर शोक करायलाही मुभा नसते. त्यांनी काही केलेलं नसतं. पोरगं बापासारखं दिसतं एवढाच त्याचा अपराध. बळी पडलेल्या घराशी त्यांची बरोबरी मी करणार नाही. पण खरं कळण्याच्या त्यांच्या हक्कात मला काही कमी दिसत नाही.

मग जागेचं काय करायचं? घर पाडावं, राखावं, पाटी लावावी? याला एक उत्तर नाही, आणि जिथं सरकारनं एकच उत्तर लादलं तिथं लोकांना ते जड गेलेलं दिसतं. फ्रान्समधल्या ओरादूर-सुर-ग्लान गावात १० जून १९४४ रोजी जर्मन एसएस सैनिकांनी ६४३ माणसं मारली आणि गाव जाळलं. जळकं गाव तसंच राखायचं आणि शेजारी नवं वसवायचं, असं ठरलं. उरलेली माणसं नव्या गावात राहायला आली, खिडकीसमोर जुनं गाव. कित्येक वर्षं तिथं सणसमारंभ झाले नाहीत. तिथं वाढलेल्या मुलांसाठी बालपण म्हणजे न संपणारं सुतक. आणि ज्या सरकारनं हे स्मारक राष्ट्राचं म्हणून ठेवलं, त्याच देशाच्या संसदेनं या हत्याकांडाबद्दल शिक्षा झालेल्या, जर्मनांनी सक्तीनं भरती केलेल्या अल्सास या फ्रेंच प्रांतातल्या सैनिकांना १९५३ साली माफी दिली. गावानं माफीच्या बाजूनं मत देणाऱ्या खासदारांची नावं वेशीवर लावली. दुःखाचं प्रदर्शन राष्ट्राला हवं, दुःखितांचं म्हणणं नको, असा त्याचा अर्थ मी लावतो. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमध्ये उलट झालं. जिथं बरेच खून झाले ते क्रॉमवेल स्ट्रीटवरचं घर १९९६ साली पाडलं, विटासुद्धा चुरा करून टाकल्या, कारण लोक त्या आठवण म्हणून पळवतील अशी भीती होती. आता तिथून पायवाट जाते. मला हे ठीक वाटतं. बघ्यांची भूक भागवणारी जागा ठेवण्यात मेलेल्यांचा कसलाही मान नाही.

किल्लारीच्या भूकंपानंतर, ३० सप्टेंबर १९९३ नंतर, ५२ गावं दुसऱ्या जागी वसवली गेली. तिथल्या माणसाला परत जायचं म्हटलं तर पत्ता तोच, नाव तेच आणि जागा वेगळी. घर सुरक्षित हवं याबद्दल वादच नाही. पण जुन्या गावठाणाचं काय करायचं हे ज्यांची माणसं त्या ढिगाऱ्याखाली गेली त्यांनाच आधी विचारायला हवं, हे तिथंही खरं आणि कुठंही.

सर्वात छोटं स्मारक गुंटर डेमनिग या जर्मन कलाकारानं १९९२ पासून बसवायला घेतलं. नाझींनी नेलेल्या माणसांच्या शेवटच्या घरासमोर, फरसबंदीत, दहा सेंटिमीटरचा पितळी पत्रा जडवलेला दगड. वर लिहिलेलं असतं: इथे राहत होते. मग नाव, जन्मसाल, कुठं नेलं, काय झालं. असे एक लाखाहून जास्त दगड आज युरोपभर आहेत. यातलं मला आवडतं ते हे की पहिली ओळ राहण्याची आहे, मरण नंतर येतं. तरीही म्युनिकनं सार्वजनिक रस्त्यावर हे दगड बसवू दिले नाहीत, कारण तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोट क्नोब्लोख यांनाच ते नको होते. त्यांचं म्हणणं, ज्यांना एकदा तुडवलं त्यांची नावं पुन्हा पायाखाली का? इतर घरांना मात्र ते हवे होते, त्यांनी भांडण केलं. शेवटी शहरानं भिंतीवरच्या पाट्या आणि खांब असा मार्ग काढला. दोघांचंही मला पटतं, आणि म्हणूनच प्रत्येक घराला वेगळं विचारण्याला पर्याय नाही असं वाटतं.

परत न येणं हाही एक निर्णय आहे आणि त्यात कमीपणा नाही, हे एका वाक्यात सांगून टाकतो. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर बंदी घातलेल्या पट्ट्यात काही म्हाताऱ्या बायका हुकूम मोडून परत राहायला गेल्या. प्रिपियात शहरातल्या ज्यांना २७ एप्रिल १९८६ रोजी तीन दिवसांपुरतं सामान घ्या म्हणून बसमध्ये बसवलं, त्यांतले बहुतेक पुन्हा राहायला कधीच गेले नाहीत. धैर्य मोजायची फूटपट्टी दोघांनाही लावायची नसते.

आता ज्या गोष्टी खरोखर करता येतील त्यांबद्दल. पोलीस आणि न्यायालयाच्या जुन्या फायली ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याची पद्धत जगात बऱ्याच ठिकाणी आहे. जागा लागते, मान्य. पण अनैसर्गिक मृत्यूची फाइल नष्ट करण्यापूर्वी जवळच्या नात्यातल्या हयात माणसांना एक पत्र जायला हवं. तेव्हा अल्पवयीन असलेल्या मुलांना तर नक्कीच, कारण अर्ज करायचं वय होईपर्यंत त्यांची मुदत संपून गेलेली असते. फाइल दाखवताना घटनास्थळाचे आणि शवविच्छेदनाचे फोटो वेगळ्या बंद पाकिटात असावेत. पान उलटताना अचानक ते समोर येऊ नयेत. पाकीट उघडायचं की नाही, आज की पुढच्या वर्षी, हे त्यानंच ठरवावं. सोबत एखादा माणूस बसलेला असावा, ज्याला शवविच्छेदनाच्या अहवालातली भाषा समजावून सांगता येते आणि ज्याला गप्प बसताही येतं. ‘तडफडत गेली का?’ हा प्रश्न बहुतेकांना विचारायचा असतो आणि त्याचं उत्तर पुष्कळदा त्याच कागदात असतं. फक्त ते वाचता येणारं कुणी जवळ नसतं. आणि अर्जाच्या नमुन्यात ‘माहिती मागण्याचे कारण’ असा जो रकाना असतो, तो नात्यातल्या माणसासाठी काढून टाकावा. नात्याचा पुरावा घ्या, सही घ्या, आणि फाइल द्या.